सासूबाईंच्या गुडघ्याची गोळी

१४ जानेवारी २००७, रविवार. येना, जर्मनी

ही डायरी आपोटेकेत, म्हणजे इथल्या औषधांच्या दुकानात, फुकट मिळाली. आयबुप्रोफेनचं मोठं खोकं घेतलं, म्हणून काउंटरवरच्या बाईंनी कौतुकानं सोबत दिली. शाळेत असताना गुरुजी रोज एक पान लिहून घेत, तेव्हा कंटाळा यायचा. आता पन्नाशी दारात आल्यावर स्वतःहून लिहायला बसलो आहे.

आज संक्रांत. कुसुमनं तिळगूळ दिला. तो गोड असणार, कारण त्यात गूळ होता. माझ्या जिभेला कळलं नाही. मल्हार ऑक्टोबरात कोलोनला शिकायला गेला, तेव्हापासून घरात वड्या उरतात. त्याला फोन केला, तो मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तरं देत होता. पोरगं मजेत आहे.

पाठ दुखते आहे. कुसुम म्हणते, डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, पाठ आहे, प्रयोगशाळेतली खुर्ची बदलली की दुखायची थांबेल. त्यावर ती म्हणाली, "मी पाठीबद्दल म्हणतच नाहीये." मग कशाबद्दल, ते सांगेना. पुन्हा विचारल्यावर म्हणाली की मी दिवाळीपासून हसलेलो नाही. हसण्यासारखं काही घडलं की हसेन, असं मी सांगितलं. डॉक्टरकडे जाणार नाही, हेही सांगितलं. विषय संपला.

संध्याकाळी ती आईशी फोनवर फार वेळ बोलत होती. मी खोलीत गेलो की तिळगुळाबद्दल बोलायची.

२० जानेवारी, शनिवार

कुसुमची आई, आमच्या सरलाबाई, आल्या. इस्लामपूरहून निघायचं अचानकच ठरलं. तीन महिन्यांचा व्हिसा म्हणे केव्हाचा काढून ठेवला होता. मला कुणी बोललं नव्हतं.

त्यांना आणायला परवा फ्रँकफर्टला गेलो आणि नेमकं मोठं वादळ आलं. देशभरातल्या सगळ्या रेल्वे बंद. झाडं रुळांवर पडलेली, स्टेशनात माणसं बॅगांवर बसलेली. शेवटी पद्माकरकडे मुक्काम केला. पद्माकर माझा कॉलेजातला मित्र, तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याची साधना, त्यांची अन्वी, सगळ्यांनी सासूबाईंभोवती फेर धरला. पद्माकर पूर्वी फार तापट होता. या वेळी अन्वीनं त्याच्या लॅपटॉपवर दूध सांडलं तर तो नुसता "आल्झो", म्हणजे "बरं तर", म्हणाला आणि फडकं आणायला गेला. वय झालं की माणूस निवळतो.

सासूबाई बाहत्तर वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. मला त्या 'श्रीनाथराव' म्हणतात आणि माझ्याशी बोलताना पदर सारखा करतात. चोवीस वर्षांत त्यांनी मला एकही गोष्ट करा किंवा करू नका म्हणून सांगितलेली नाही. काही सांगायचं असलं तर त्या कुसुमला सांगतात आणि मी शेजारी बसलेला असतो.

काल वायमारला गाडी बदलताना त्यांनी स्वतःची बॅग जिन्यावरून वर नेली. मी धावत गेलो तोवर त्या वर पोचल्या होत्या. मला पाहिल्यावर लगेच गुडघा धरून बाकावर बसल्या.

२१ जानेवारी, रविवार

सासूबाईंनी औषधांचा डबा उघडला. डबा श्रीखंडाचा. आत कापडी पुरचुंड्या: पित्ताची, सर्दीची, पोटाची, आणि एक खास गुडघ्याची. आपल्याकडे दुकानदार पट्टी कात्रीनं कापून हव्या तेवढ्याच गोळ्या देतो, त्यामुळे प्रत्येक घरात अशा बिननावाच्या गोळ्या असतात. नाव नसलं तरी कुणाचं अडत नाही. गुलाबी ती डोक्याची, पिवळी ती तापाची.

गुडघ्याच्या पट्टीवर मागे एक अक्षर उरलेलं नव्हतं. फार व्यवस्थित कापली होती.

"तीन आठवड्यांच्याच उरल्यात," त्या कुसुमला म्हणाल्या. "ह्या गोळीवाचून माझं चालत नाही. श्रीनाथरावांना म्हणावं, तुम्ही औषधांतलेच ना?"

मी औषधांतला नाही. मी लेझरचा उजेड पदार्थावर टाकून, परत येणाऱ्या उजेडावरून तो पदार्थ कोणता ते ओळखतो. पण सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आहे. हो म्हटलं.

२४ जानेवारी, बुधवार

योगायोग बरा आहे. वसंतातल्या पाहुण्यांच्या दिवसासाठी प्रोफेसर लिंडनरनी मला एक प्रदर्शन मांडायला सांगितलं आहे: घरोघरच्या कपाटात सापडणारी वेदनाशामकं आणि नैराश्यावरची औषधं, शेजारीशेजारी. मला ते अंगावर घ्यायचं नव्हतं. हल्ली कशातच पडू नये असं वाटतं. सगळं सोडून गावी जावं आणि देवळाच्या ओट्यावर बसून राहावं. पण नमुने कपाटात येऊन पडले होते, तेव्हा सासूबाईंची गोळीही त्यांच्या रांगेत बसवली.

आधी गोळीचे दोन तुकडे करून उजेड टाकला. लॅक्टोज दिसलं. गोळीत औषध चिमूटभर आणि बाकी दुधातली साखर, हे विसरलो होतो. मग चुरा अल्कोहोलात ढवळला, गाळला, सुकवला आणि पुन्हा पाहिलं.

ॲस्पिरिन नाही. आयबुप्रोफेन नाही. ही दोघं आम्ल कुळातली: एक षट्कोनी कडं आणि त्याला लटकलेला आम्लाचा गट. पॅरासिटामॉलही नाही. त्यात नायट्रोजन असतो, पण शेजारच्या कार्बोनिलनं त्याला असं बांधून ठेवलेलं असतं की त्याच्यात अल्कलीपणा उरत नाही, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. डायक्लोफेनॅकही नाही.

म्हणजे सासूबाईंची गोळी कुठल्याच ओळखीच्या वेदनाशामकाशी जुळत नाही. तरी गुडघे बरे आहेत.

२५ जानेवारी, गुरुवार

जुळली. दुसऱ्या कपाटातल्या नमुन्याशी.

अमिट्रिप्टिलिन. तीन कडी एकमेकांना चिकटलेली, मधलं सात कोनांचं, त्यामुळे बाजूची दोन पंखांसारखी वाकलेली. पाठीवरून एक शेपटी निघते आणि तिच्या टोकाला नायट्रोजन, मोकळा. नैराश्यावरचं जुनं, नावाजलेलं औषध.

दोनदा तपासलं. शंका नाही.

आज गुरुवार, दत्ताचा वार. घरी येऊन देवापुढे बसलो. सासूबाई मागे सोफ्यावर वाती वळत होत्या. बिचाऱ्या. नवरा गेल्याचं दुःख आत दाबून ठेवलेलं, डॉक्टरनं गुडघ्याची म्हणून गोळी दिलेली, आणि ह्यांना पत्ताच नाही की आपण कशावर औषध घेतो आहोत. माणसाला स्वतःचं दुखणं कळू नये, आणि शेजारच्याला कळावं, यासारखी दयनीय गोष्ट नाही.

सांगावं की नाही? आमच्या आळीत 'मेंदूची गोळी' म्हटलं की माणसं दुसऱ्या गल्लीनं जातात.

२८ जानेवारी, रविवार

ग्रंथालयातून पुस्तक आणलं. नैराश्याची लक्षणं नीट वाचली आणि सासूबाईंवर पाळत ठेवायचं ठरवलं.

लिहिलं आहे की असा माणूस पहाटे लवकर जागा होतो आणि परत झोपत नाही. मी तसाही चारपासून जागाच असतो, त्यामुळे लक्ष ठेवणं सोपं गेलं. पलीकडच्या खोलीत सासूबाई उजाडेपर्यंत घोरत होत्या. मल्हार घोरतो तसंच, मध्ये एक आवंढा घेऊन.

लिहिलं आहे की अन्नावरची वासना उडते. सासूबाईंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. माझ्या ताटातली उरलेली कुसुमनं उचलली.

लिहिलं आहे की पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा होतात. सासूबाई टीव्हीवर जर्मन बायकांची भांडणं बघतात. भाषेचं अक्षर कळत नाही, तरी कुणाची चूक आहे ते कुसुमला समजावून देतात.

एकही लक्षण नाही. याचा अर्थ, त्या फार आतून लपवत आहेत. अशा वेळी घरच्यांनी जास्त सावध राहावं, असं पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

जेवताना त्याही माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी बघतोय ते त्यांना कळलं असावं.

३१ जानेवारी, बुधवार

संस्थेतून लवकर निघालो. ट्रामच्या खिडकीतून बघतो तर केर्नबेर्ग टेकड्यांच्या चढावर जांभळ्या शालीतली एक बाई झपझप वर चालली आहे. पायांत पांढरे बूट. आपल्या सासूबाई. मागून कुसुम धापा टाकत येत होती.

घरी विचारलं, तर सासूबाई गुडघ्याला तेल लावत होत्या. म्हणाल्या, कुठं बाई, जिन्यापर्यंतच गेले होते.

कुसुमला बाजूला घेऊन गोळीचं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "अगं बाई, हो का?" आणि स्वयंपाकघरात गेली. धक्का बसला की माणसं अशी वागतात. दार लोटून आत बराच वेळ खोकत होती.

३ फेब्रुवारी, शनिवार

प्रदर्शनाची मांडणी लावता लावता दोन रेणू शेजारीशेजारी आले आणि मी कितीतरी वेळ बघत राहिलो. एक ट्रॅमाडॉल, तीव्र वेदनेवरचं. दुसरं व्हेन्लाफॅक्सिन, नैराश्यावरचं. दोन्हींत तेच मेथॉक्सी लावलेलं कडं, तेच हायड्रॉक्सिल असलेलं दुसरं कडं, तीच नायट्रोजनची शेपटी. फक्त जोडणीत थोडा फरक. एका आईच्या दोन मुली वाटाव्यात. एकीच्या खोक्यावर दुखणं लिहितात, दुसरीच्या खोक्यावर उदासी. ट्रॅमाडॉल वेदनेची आणखी एक वेगळी कडी वाजवतं, हे खरं. पण मेंदूत सेरोटोनिन हे रसायन परत ओढून घेणारे पंप दोघीही अडवतात.

आणि सासूबाईंचं अमिट्रिप्टिलिन तर कमी मात्रेत मज्जातंतूंच्या दुखण्यावर सर्रास देतात.

आपण माणसाचे विभाग पाडले आहेत, हा मजला मनाचा, तो गुडघ्यांचा. रेणूला हे विभाग ठाऊक नाहीत. तो रक्तातून जातो आणि जिथलं दार त्याला बसतं तिथं शिरतो.

दुसरा फरक मला जास्त आवडला. ॲस्पिरिन तासाभरात काम करतं. दुखणं वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम बंद पाडलं की झालं. नैराश्यावरची औषधं पंप काही तासांतच अडवतात, पण माणसाला बरं वाटायला आठवडे लागतात. मधल्या काळात नेमकं काय घडतं, यावर विद्वानांचं एकमत नाही. नामस्मरणाचंही असंच असतं, असं आमचे गुरुजी सांगत. मी अजून बसतो रोज. हल्ली नुसती मणी ओढल्याची हालचाल होते, तो भाग वेगळा.

हे सगळं लिहिताना पाठ दुखायची थांबली होती. आता पुन्हा दुखते आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवलं. सासूबाईंना आपल्या हाउसआर्ट्स्ट, म्हणजे घरच्या डॉक्टर, हेल्विगबाईंकडे न्यायचं. गुडघ्यांच्या निमित्तानं न्यायचं आणि हळूच मनाचा विषय निघू द्यायचा. त्यांना फसवल्यासारखं होईल, पण त्यांच्याच भल्यासाठी. देव समजून घेईल.

वाटलं होतं आढेवेढे घेतील. मी अर्ध्या वाक्यात असतानाच त्या म्हणाल्या, चला की. फक्त एक अट, आत मी सोबत हवा, त्यांना परकी भाषा येत नाही. कुसुम का नको, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, लेकीदेखत दुखणं सांगवत नाही. जावयादेखत सांगवतं, हे नवीनच.

वेळ कुसुमनं फोन करून घेतली. नुसती वेळ घ्यायची होती, तरी दार लावून खूप बोलत होती. जर्मनीत कुठलीही गोष्ट झटपट होत नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते सविस्तर लिहितो.

डॉक्टर हेल्विग साठीच्या आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर. सासूबाई त्यांच्या समोर, मी दोघींच्या मध्ये. डॉक्टरांनी गुडघे दाबून, वाकवून पाहिले आणि गुडघे उत्तम आहेत म्हणाल्या. मी विषय कसा काढावा या विचारात होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, झोप कशी लागते? मी मराठीत विचारलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "चारला डोळे उघडतात माझे," त्या म्हणाल्या. "मग छताकडे बघत पडून राहते. हालतसुद्धा नाही, शेजारच्याची झोप मोडायला नको म्हणून."

मी चकित झालो. ते घोरणं मी स्वतः ऐकलं आहे. पण रुग्णाला डॉक्टरसमोर खोटं पाडणं बरं नाही, म्हणून जसंच्या तसं सांगितलं.

भूक? त्या म्हणाल्या, ताटात वाढलेलं संपवते, चव कळत नाही. मला वाटलं, अखेर मन मोकळं करताहेत. त्यांचं थोडक्यात राहिलं म्हणून मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, की चहासुद्धा नुसतं गरम पाणी वाटतं आणि गूळ मातीसारखा लागतो. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं.

दुखतं कुठं? पाठ, सासूबाई म्हणाल्या. रोज आयबुप्रोफेन खाते. मला आयबुप्रोफेनचं माहीत नव्हतं. माझ्या खोक्यातल्याच घेत असणार. गोळ्या भराभर संपतात खऱ्या.

मग डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी ज्यात जीव रमायचा, त्यात आता रमतो का?

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवापुढे बसते मी. हात जोडलेले असतात. पण नजर तसबिरीवर नसते, बाजूच्या भिंतीवर असते. पलीकडे कुणी ऐकत नाही असं वाटतं. आणि हे कुणाला सांगायचं? आयुष्यभर देवाचं केलेल्या माणसानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

ते मला चटकन भाषांतरित करता येईना. जर्मन शब्द येत होते, पण दवाखान्यातली हवा रेडिएटरमुळे फार कोरडी आहे, आधी पाणी मागून घेतलं. मग मी सांगितलं. हळूहळू सांगितलं, कारण एकही शब्द इकडेतिकडे व्हायला नको होता. हे असं दुसऱ्या कुणाला होत असेल, अशी मला कल्पना नव्हती.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, जगणं नको असं वाटतं का? सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तो प्रश्न दोनदा विचारला तरी त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. "तसं नाही," मी शेवटी म्हणालो. "फक्त सगळं सोडून गावी जावंसं वाटतं." सासूबाईंनी मान डोलावली, म्हणजे मी बरोबर ओळखलं होतं.

डॉक्टरांनी सासूबाईंना त्यांच्याच गोळ्या लिहून दिल्या. मला सोमवारी एकटं यायला सांगितलं. नातेवाइकांना मार्गदर्शन करत असतील. निघताना दोघी बायकांनी एकमेकींचे हात धरले आणि बराच वेळ मान हलवली. एकीला दुसरीची भाषा येत नाही, तेव्हा शिष्टाचार असावा.

परतताना ट्राममध्ये सासूबाई खूश होत्या. मन मोकळं झालं की माणूस हलका होतो, असं मी त्यांना म्हणालो.

"बघू या," त्या म्हणाल्या.

१२ फेब्रुवारी, सोमवार

गेलो. डॉक्टरांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. मी सांगायला लागलो की सासूबाईंना चारला जाग येते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हेर कोठावळे, तुमच्या सासूबाईंना मी भेटले आहे. त्या ठणठणीत आहेत. मी तुमच्याबद्दल विचारते आहे."

सवयीनं मी ते वाक्य मराठीत सांगायला शेजारच्या खुर्चीकडे वळलो. खुर्ची रिकामी होती.

मग उत्तर मलाच द्यावं लागलं. सगळी उत्तरं पाठ होती. गुरुवारीच एकदा म्हणून झाली होती.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी कुसुम दुकानात गेल्यावर सासूबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. त्या मटार सोलत होत्या.

"तुम्ही डॉक्टरांना खोटं सांगितलंत," मी म्हणालो.

"तुम्ही भाषांतर खरं केलंत ना? मग झालं."

"मला सरळ सांगायचं होतं."

"कुसुमनं सांगितलं होतं सरळ. काय म्हणालात तिला? खुर्ची बदलतो." त्यांनी पुढची शेंग फोडली. "जावयाला डॉक्टरकडे ने म्हटलं, तर जावई ऐकतो का? सासूला न्यायचं म्हटलं, की रजा काढून नेतो. चोवीस वर्षं बघतेय तुम्हाला. माझ्या शब्दाला नाही म्हणत नाही तुम्ही. म्हणून तर मी आजवर शब्द टाकला नव्हता."

मी गोळीचं विचारलं. गोळी खरी होती. सासरे गेल्यावर त्या जेवेनात, बोलेनात, तेव्हा इस्लामपूरच्या आत्माराम डॉक्टरांनी सुरू केली. गुडघ्याची म्हणून सांगायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. औषध कशावरचं ते डॉक्टरांना ठाऊक, त्यांना ठाऊक, गल्लीला ठाऊक होण्याचं कारण नव्हतं. आता त्या बऱ्या आहेत, मात्रा हळूहळू कमी होते आहे.

"मग नाव कुणी कापलं?"

"मीच. तुमच्याच घरातल्या कात्रीनं. नाव असतं तर तुम्ही दुकानात गेला असता. नाव नव्हतं म्हणून मशीनकडे गेलात, आणि मग पुस्तक आणलंत. मला वाटलं होतं, पुस्तक वाचल्यावर तरी डोक्यात उजेड पडेल." त्या माझ्याकडे बघून प्रथमच थोडं रागावल्यासारख्या बोलल्या. "सगळी लक्षणं माझ्यात शोधत बसलात. मी घोरते म्हणून काळजी करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

मी म्हटलं, देवाचं तुम्हाला कसं कळलं?

"मीही बसायचे ना भिंतीकडे बघत," त्या म्हणाल्या. मग मटाराचं ताट माझ्याकडे सरकवलं. "अर्धे तुम्ही सोला."

सोलले. त्यांचे गुडघे खरंच दुखतात का, ते विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं. त्यांच्या घराण्यात कुणाचेच कधी दुखले नाहीत म्हणे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

मला लिहून दिलेली गोळी: सिटालोप्रॅम. एक फ्लोरिन, एक सायनो गट, आणि शेपटीला तोच ओळखीचा नायट्रोजन. आणि दर आठवड्याला एका बाईंकडे जाऊन बोलायचं. काय बोलायचं, विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, जे सासूबाईंच्या तोंडून इतकं छान सांगितलंत तेच.

पाण्याबरोबर घेतली. सवयीनं आधी हात जोडले.

४ मार्च, रविवार

मध्ये लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, हात थरथरले, आणि मी कुसुमला ही औषधं कशी निरुपयोगी आहेत ते रासायनिक रचनेसकट समजावून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ह्यांना म्हणावं गोळी गिळा, वाचू नका. कुसुमलाच म्हणाल्या, मी शेजारी असताना. जुनी पद्धत परत सुरू झाली आहे. मला बरं वाटलं.

आज होळीची पुरणपोळी. ताटावर बसलो आणि पहिल्या घासाला म्हणालो की वेलदोडा जास्त झाला आहे. दोघी एकदम जेवायच्या थांबल्या. कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं काही लागेल असं बोललो नव्हतो. नंतर लक्षात आलं, की मला वेलदोडा कळला होता.

प्रदर्शन करतो म्हणून लिंडनरना कळवलं. जपाला बसलो होतो. भिंतीकडेच जास्त बघितलं. पण एकदा तसबिरीकडेही.

१३ एप्रिल, शुक्रवार. रेल्वेत

काल सासूबाई गेल्या. विमानतळावर तपासणीच्या रांगेत त्या इतक्या ताडताड पुढे गेल्या, की व्हीलचेअर घेऊन उभा असलेला माणूस ती रिकामी ढकलत त्यांच्या मागे निघाला. वळून पाहिलं नाही त्यांनी. पाहिलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

मुक्काम पद्माकरकडे. जेवणानंतर त्यानं नेहमीसारखं विचारलं, कसं काय? आपल्यात याचं उत्तर 'मजेत' असं असतं, मीही ते वर्षानुवर्षं देत आलो. काल तोंडातून निघालं, "बरं नव्हतं. फेब्रुवारीपासून नैराश्यावरची गोळी घेतोय. आता पुष्कळ ठीक आहे."

पद्माकरनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मला बाल्कनीत नेलं आणि काच ओढून घेतली.

"कुठली?" त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं. "मी पण तीच," तो म्हणाला. "वर्ष झालं. साधनाला बोलू नकोस हं. तिला मी ॲसिडिटीची सांगितली आहे."

मी शब्द दिला. तापट माणूस वयानं निवळतो, हा माझा सिद्धान्त गेला. मग आम्ही दोघं थंडीत उभे राहून गोळ्यांवर बोलत राहिलो, पूर्वी प्राध्यापकांवर बोलायचो तसे. कुणाला पहिल्या आठवड्यात काय झालं, कुणाचे हात जास्त थरथरले. त्याचे जास्त थरथरले, असं त्याचं म्हणणं आहे. मी ते मान्य केलेलं नाही.

आत्ता गाडी फुल्डा सोडून पुढे निघाली आहे. कुसुम स्वतःशीच हसून म्हणाली, काल स्वयंपाकघरात साधना सांगत होती, ह्यांची ॲसिडिटीची गोळी चांगली लागू पडली आहे. डॉक्टर तिनंच शोधून दिला होता, पद्माकरला वाटतं ऑफिसातल्या मित्रानं. अन्वीलाही ठाऊक आहे. ती जर्मनमध्ये त्या गोळीला बाबांची 'न ओरडायची गोळी' म्हणते.

मी पद्माकरला हे कळवणार नाही. तो मनानं निश्चिंत आहे.

पण जरा वेळानं मला शंका आली. विचारलं, "आणि माझं? मला कळायच्या आधी माझं किती जणांना ठाऊक होतं?"

कुसुमनं खिडकीबाहेर बघत बोटांवर मोजायला सुरुवात केली. आई, मल्हार, साधना, डॉक्टर हेल्विग, लिंडनर. एक हात संपल्यावर तिनं दुसरा पुढे केला. तो मी धरून ठेवला.